ओकाची फळी

त्या नोव्हेंबरात माझा भाऊ रोज बंदूक घेऊन मचाणावर बसायचा, तो मला मारायला. निदान माझी तशी समजूत होती. ज्याला मारायचं तो माणूस म्हणजे आपलीच सख्खी बहीण, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. आणि मी? मी रोज दुपारी त्याच्या ताटात बटाट्याचे उंडे वाढत होते, वर रस्सा ओतत होते आणि "अजून घे रे" म्हणत होते. अर्धा रस्सा टेबलावर सांडायचा.

मी वाल्बुर्गा. घरात आणि गावात बुर्गी. वय त्रेसष्ट. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं पेल्यांना पॉलिश केलं, त्यामुळे माझी बोटं आता धड वाकत नाहीत आणि जीभ मात्र फार चालते. लग्न केलं नाही. विचारायला दोघं आले होते, दोघांनाही बियरशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. म्हणून मी भावाच्या अंगणातल्या छोट्या घरात राहते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात राबते. भाऊ एंगलमार माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. सुतार आहे, आणि शिकारीचा परवाना बाळगून आहे. त्याची बायको रोझविथा वृद्धाश्रमात नर्स. पोरं दोन, मोठा गुंथर आणि धाकटी आफ्रा. पोरं दोन होती, असं म्हणायला पाहिजे. अजून तोंडाला सवय होत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये वादळाने आमच्या रानातली झाडं आडवी केली. ती कापायला बाप-लेक गेले. एक खोड दुसऱ्या खोडाखाली वाकून ताणलं गेलं होतं. एंगलमारने बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "काप." गुंथरने कापलं. खोड उसळलं. पोरगा वीस वर्षांचा होता.

त्या दिवसापासून एंगलमार रडला नाही. कामाला गेला, जेवला, तपकीर ओढली, झोपला. चर्चवरचं मन तेवढं उडालं. रविवारी रोझविथाबरोबर गाडीतून जायचा, पण मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, बसतो की बाहेर फिरतो हे मी कधी विचारलं नाही. गुंथरला पुरल्यावर पंधरा दिवसांनी त्याने कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि फळी करायला लागला.

आमच्याकडे पूर्वी माणूस गेला की त्याला घरातच फळीवर निजवत. तीन दिवस शेजारीपाजारी येऊन जपमाळ म्हणत. पुरून आले की तीच फळी रंधून, तिच्यावर नाव कोरून रानाच्या वाटेवर उभी करत. हल्ली कुणी निजवत नाही, माणूस इस्पितळातून परस्पर पेटीत जातो. पण फळी उभी करायची चाल राहिली आहे. आमच्या बाबांची होती, आईची आहे, काकाची आहे. आणि फळी कशाची करायची? स्प्रूसची. मऊ, हलकी, लवकर कुजणारी. कारण फळी कुजून पडेपर्यंत गेलेल्याचा जीव स्वर्गाच्या अलीकडे, शुद्धिस्थानात, अडकून असतो. ती पडली की सुटला. हे मला आईने सांगितलं, आईला तिच्या आईने. म्हणून जाणता सुतार फळीला तेल लावत नाही, वर कौल घालत नाही, मुद्दाम ओलसर जागा बघतो. आमचे पाद्री पोलंडचे आहेत, ते म्हणतात हे सगळं थोतांड. म्हणोत बापडे. बाबांची फळी सोळा वर्षांनी पडली, त्या दिवशी मी गुपचूप मेणबत्ती लावली होती.

एंगलमारने कार्यशाळेचं दार उघडलं तेव्हा मी आत गेले आणि लाकडावरून हात फिरवला. ओक होता तो. आजोबांच्या कोठारातली जुनी तुळई चिरून काढलेला, चार बोटं जाड. जवसाच्या तेलाने चमकत होता. वर लाकडी कौलांचं छप्पर, त्याच्यावर तांब्याची पट्टी.

"ओक कशाला रे?" मी विचारलं.

"टिकतो."

"अरे, टिकायला नकोच असतं ना. तुला काय आईने सांगितलं नव्हतं?"

"ताई," तो रंधा पुसत म्हणाला, "माझ्या पोराची फळी आहे. मला कळतं."

मला पुढे बोलायचा धीर झाला नाही. एंगलमार चिडला की आरडाओरडा करत नाही, बोलायचंच बंद करतो. आमच्या चुलतभावाशी तो शेताच्या बांधावरून अकरा वर्षं बोलला नाही. तो मेला तेव्हा फुलं पाठवली. मला या घराशिवाय दुसरं घर नाही.

तर फळी उभी राहिली. रानाच्या कडेला, आईच्या कललेल्या फळीशेजारी, एंगलमारच्या मचाणापासून चाळीस पावलांवर. दर शनिवारी तो तिला तेल लावायचा. पावसाचा थेंब तिच्यावर टिकत नव्हता. हिवाळा गेला, तिचा रंगसुद्धा उडाला नाही. मी येता-जाता तेच बघायचे. शेजारची हेडविग, जिला देवाने तोंड दिलंय पण दार दिलेलं नाही, एकदा बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं बुर्गी, तुझ्या भावाने पोराला फळी लावली की तुरुंगाचं दार?"

"तुझ्या नवऱ्याची लावशील तेव्हा पुठ्ठ्याची लाव," मी म्हणाले. "लवकर सुटेल बिचारा. जिवंतपणी तर सुटायचा नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका हसल्या. पण घरी आले आणि रडले, कारण मेली खरं बोलली होती. गुंथरला मी अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो अंधाराला घाबरायचा, पंधरा वर्षांचा होईपर्यंत दिवा लावून झोपायचा. आणि आता त्याचा बाप त्याला शंभर वर्षं अडकवून ठेवणार होता.

मग मी ती फळी कुजवायला घेतली.

हसू नका. ओक कुजवणं म्हणजे काय खायचं काम आहे? एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा, एंगलमार कामावर असला की मी बादलीत ताक घेऊन जायचे आणि मागच्या बाजूला फासायचे. ताकाने शेवाळ धरतं. छपराची तीन कौलं सैल केली. एंगलमारच्याच गिरमिटाने मागून, अगदी बुडाशी, भोकं पाडली आणि रानातलं कुजकं, बुरशी आलेलं लाकूड आणून त्यात ठासलं. वरून ओल्या पाल्याचा लगदा. सहा महिने. गुडघ्यांची वाट लागली. ऑक्टोबरात एके दिवशी बोटाने दाबलं तर बुडाशी लाकूड जरासं दबलं. मी तिथेच गुडघ्यांवर बसून नमो मारियाची प्रार्थना म्हटली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्वसंतांच्या सणाला, आम्ही सगळे कबरीवर जाऊन आलो. घरी कॉफी मांडली होती, मी वेणीचा गोड पाव भाजला होता. रोझविथा त्याचे काप करत होती. आफ्रा, अकरा वर्षांची पोर, बेदाणे वेचून ताटलीच्या कडेला लावत होती. एंगलमारने तपकिरीची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "गुंथरच्या फळीला कुणीतरी भोकं पाडतंय."

मी घोट न घेताच कप खाली ठेवला.

"काय?" रोझविथा म्हणाली. "कोण करील असं?"

"तेच बघणार आहे. उद्यापासून मचाणावर बसतो. बंदूक घेऊन."

"एंगलमार! एका लाकडासाठी माणसावर बंदूक?"

"लाकूड नाही ते," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "कोणीही असो. सोडणार नाही."

आफ्रा बेदाणे वेचायची थांबली आणि बापाकडे बघत राहिली. मी जाग्यावरून उठले, कॉफी गरम करायच्या निमित्ताने. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मला वाटलं सगळे माझ्याच पाठीकडे बघताहेत.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. "मी आहे रे ती, मूर्खा," एवढं एक वाक्य. रोज ठरवायचे. सकाळी उठताना ठरवायचे, उंडे वळताना ठरवायचे, आणि तो समोर येऊन बसला की तोंडाला कुलूप. तो तीन वाजता काम आटोपून यायचा, कपाटाचं कुलूप काढायचा, बंदूक खांद्याला लावायचा आणि जायचा. काळोख पडल्यावर परतायचा. चेहरा मातीसारखा. "कोणी आलं?" रोझविथा विचारायची. "नाही," तो म्हणायचा. तिची बहुतेक दुपारपाळी असायची, म्हणून विचारायला पुष्कळदा मीच असायचे, आणि मी विचारत नसे.

माझी बादली तिथेच राहिली होती. फळीमागे, झुडपात. तिच्या बुडावर माझं नाव होतं, कारखान्यात सगळ्यांच्या वस्तूंवर नावं रंगवायची सवय! ती आठवली तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. रविवारी एंगलमार आणि रोझविथा गाडीतून मिस्साला गेले, आफ्रालाही नेलं. मी डोकेदुखीचं सोंग केलं आणि जीव मुठीत धरून रानाकडे धावले. उतारावर पाला भिजला होता. फळीजवळ पोचतेय तोच पाय घसरला आणि मी आडवी झाले, थेट बादलीवर. आईच्या फळीसमोर म्हणू नयेत त्या शिव्या मी दिल्या, त्याही ठेवणीतल्या.

उठताना माझं लक्ष फळीच्या कडेकडे गेलं. तिथे करवतीचा घाव होता. ताजा. नखभर खोल, माझ्या मांडीच्या उंचीवर. त्याच्याखाली दुसरा, तिसरा. सगळे उथळ, वेडेवाकडे.

मी करवत कधी वापरलीच नव्हती.

आता खरं सांगते, आणि हसायचं तर हसा. माझ्या मनात माणसाचा विचारच आला नाही. मला वाटलं, गुंथर. मला वाटलं, आतून कापतोय तो. अडकलाय, कंटाळलाय, आणि लहानपणी खोलीचं दार अडकलं की ओरबाडायचा तसा ओरबाडतोय. रानात पक्षीसुद्धा बोलत नव्हता. मी बादली छातीशी धरली आणि मागे न बघता पळाले. घरी येऊन दाराला कडी लावली आणि पलंगावर बसून राहिले. उंडे त्या दिवशी पाण्यातच फुटले. रोझविथा म्हणाली, "ताई, अजून डोकं दुखतंय का?" मी मान हलवली.

पुढचे चार दिवस माझी अवस्था काय सांगू? खिडकीत काही हललं तरी दचकायचे. आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. एंगलमार जायचा, यायचा. आफ्रा शाळेतून यायची, दोन घास खायची आणि क्लॅरिनेटची पेटी उचलून बँडच्या सरावाला जायची. रोज. मी एकदा म्हटलं, "अगं, पूर्वी आठवड्यातून एकदा असायचा ना सराव?"

"ख्रिसमसचा कार्यक्रम आहे, आत्या."

"मग वाजवून दाखव काहीतरी. घरात नुसती स्मशानकळा आलीय."

"नंतर," ती म्हणाली आणि गेली. ही पोर आधी एका जागी बसली तर शपथ. आता मोठ्या बाईसारखी चालायची.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी धुणं वेगळं करत होते. आफ्राच्या जाकिटाची बाही उलटी केली, तर दुमडीतून भुसा पडला. पिवळसर, चिमूटभर. मी नाकाशी नेला. सुतारघरातली लेक आहे मी. स्प्रूसला राळेचा गोड वास येतो, ओकाला आंबूस. हा आंबूस होता.

मी ते जाकीट हातात धरून उभी राहिले. मांडीच्या उंचीवरचे घाव. माझ्या मांडीच्या. अकरा वर्षांच्या पोरीच्या कमरेच्या.

मी बँडमास्तरांना फोन लावला. "आफ्रा आहे का सरावाला?"

"आफ्रा?" ते म्हणाले. "ती तर महिन्याच्या सुरुवातीपासून आलेलीच नाही. मला वाटलं घरच्या परिस्थितीमुळे तुम्हीच..."

मी पुढचं ऐकलं नाही. एंगलमारला फोन लावला. कपाटाशेजारच्या खुंटीवर त्याचा कोट होता, त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. आफ्राचा लागेना, रानाच्या त्या बाजूला कुणाचाच लागत नाही. कपाट उघडं होतं. बंदूक नव्हती. बाहेर इतकं धुकं उतरलं होतं की अंगणातली विहीर दिसत नव्हती. धुक्यात चाळीस पावलांवरून माणूस कसा दिसतो? एक काळा ठिपका. त्याला उंची नसते, त्याला चेहरा नसतो.

चपलांवरच धावले मी. त्रेसष्ट वर्षांची बाई, दुखरे गुडघे. शेताच्या कडेने धावताना कानात फक्त एकच, आता बार होईल, आता बार होईल. मी केलेलं होतं हे सगळं. गुपचूप भोकं मी पाडली, त्याच्या हातात बंदूक मी दिली, आणि पोरीने माझंच बघून करवत उचलली असणार. मी देवाला म्हणाले, गुंथर अडकला तर अडकू दे शंभर वर्षं, दोनशे वर्षं, पण ही नको. मोठ्याने म्हणत होते मी ते. रडत होते आणि म्हणत होते.

रानाच्या कडेशी आले तेव्हा करवतीचा आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, थांबून थांबून. मग आफ्राची लाल टोपी दिसली. फळीशी वाकून उभी होती. तिच्या पलीकडे, धुक्यात वर, मचाणाचा चौकोनी काळोख.

मी तिच्यावर झेपावले. तिला मागे ढकललं, आणि मचाणाकडे तोंड करून दोन्ही हात पसरून उभी राहिले. "एंगलमार! गोळी मारू नको! मी आहे, बुर्गी! फळी मी कुजवली, सगळी भोकं माझी, ही पोर निर्दोष आहे! मारायचं तर मला मार!"

वर काहीच हललं नाही. मला वाटलं, निशाण धरलंय. मी हात खाली घेतले नाहीत.

"आत्या," आफ्रा मागून म्हणाली. हळू. "ओरडू नकोस. तो आपल्याला नाही मारणार."

"तू गप्प बस! माझ्या मागे राहा!"

"त्याला माहितीये मी आहे ते. तो रोज बघतो मला." तिने माझा घागरा ओढला. "आत्या, ती बंदूक त्याच्या स्वतःसाठी आहे."

मी वळले. तिचं नाक थंडीने लाल झालं होतं. ती रडत नव्हती.

"सणाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला जेवायला बोलवायला आले होते," ती म्हणाली. "शिडीखालून दिसलं. नळी इथे होती." तिने हनुवटीखाली बोट लावलं. "मी खोकले. मग त्याने खाली ठेवली. मग मी रोज यायला लागले. मी इथे असले की तो करत नाही."

"आणि करवत?"

"नुसती उभी राहिले असते तर त्याला कळलं असतं ना, की मला कळलंय. काहीतरी करायला हवं होतं. तुझी भोकं मी आधीच बघितली होती. मला वाटलं, मी पण फळीसाठीच येते असं त्याला वाटेल."

अकरा वर्षांची पोर. दहा दिवस. रोज दोन तास, थंडीत, एका हाताने करवत ओढत आणि कान वर लावून. मी तिला जवळ घेतलं.

तेव्हा वरून आवाज आला. आधी मला तो माणसाचा वाटला नाही. जनावर अडकल्यावर कण्हतं तसा. वीस महिन्यांत न रडलेला माझा भाऊ रडत होता.

"एंगलमार," मी म्हणाले, "खाली ये. बाळा, खाली ये."

शिडी करकरली. आधी त्याचे बूट दिसले, मग तो सगळा. हातात काही नव्हतं. तो आफ्राकडे बघेना. फळीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं तिला भाऊ सुटायला हवाय. म्हणून कापतेय. मी म्हटलं, कापू दे. रोज ठरवून यायचो, आज. आणि ही यायची. हिच्यासमोर कसं करणार?"

"आणि मला सोडणार नव्हतास ना तू? सणाच्या दिवशी म्हणालास ना?"

"तुझं मला उन्हाळ्यापासून माहीत आहे, ताई. माझं गिरमिट ताकाने बुळबुळीत करून परत ठेवतेस. बंदूक रोज बाहेर काढायला काहीतरी कारण हवं होतं. रोझविथाने विचारलं असतं." तो नाक पुसत थांबला. "रविवारीसुद्धा त्या दोघींना चर्चला सोडून, गाडीतली बंदूक घेऊन मी इथेच आलो होतो. त्या दिवशी नक्की होतं. आणि तू बादलीवर पडलीस आणि काय काय बोललीस. मला हसू आलं. मग नाही जमलं."

त्याच्या तोंडाकडे बघताना मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही. मी विचारलं, "ओक का लावलास? खरं सांग."

"तो सुटला तर मी माफी कोणाची मागू?" तो म्हणाला. "मीच म्हणालो ना, काप."

आफ्रा जाऊन त्याच्या पोटाला चिकटली. त्याने हात उचलले, पण ते तिच्या पाठीवर ठेवायला त्याला वेळ लागला.

मग तो म्हणाला, "ताई, तू वर जा. बंदूक तू काढ. माझ्या हाताने नको. मला माझ्या हातांचा भरवसा नाही."

मला उंचीची भीती आहे. खुर्चीवर चढून पडदासुद्धा लावत नाही मी. पण चढले. शिडीच्या दांड्या बर्फासारख्या गार होत्या आणि दर पायरीला गुडघा कळवळत होता. वर एक फळकूट बसायला, कोपऱ्यात बंदूक. बसल्या जागेवरून सरळ समोर गुंथरचं नाव. दहा दिवस तो हे बघत होता. मला तिथे एक क्षण बसवेना.

"लोखंडी दांडी आहे, उजव्या बाजूला," तो खालून म्हणाला. "ती वर उचल. मग मागे ओढ. नळी माझ्याकडे नको, आकाशाकडे."

"बोटं वाकत नाहीत रे माझी."

"तळहाताने ढकल. तसं. काडतूस बाहेर पडेल, घाबरू नको."

पडलं. एकच होतं. फळकुटावर वाजलं आणि फटीतून खाली पाल्यात गेलं. मी दांडी पुन्हा पुन्हा ओढून बघितली, आत अजून काही नाही ना म्हणून. पाच वेळा बघितलं.

घरी जाताना बंदूक मी धरली होती, उलटी, छत्रीसारखी. दुसऱ्या हातात एंगलमारची बाही. आफ्रा त्याच्या दुसऱ्या बाजूला. मी त्याला बजावलं की रोझविथाला आज सगळं सांगायचं, आणि आजच डॉक्टरांकडे जायचं, आजच, मी स्वतः गाडीत बसणार, तिथे ठेवून घेतलं तर राहायचं, आणि नाही म्हणालास तर हेडविगला जाऊन सांगेन. तो म्हणाला, "जातो." मी तीनदा विचारलं, तीनदा म्हणाला. पण शब्दाचा काय भरवसा? सण झाल्यापासून आम्ही तिघंही एकमेकांना रोज काहीतरी खोटं सांगतच होतो की.

धुक्यात अंगणातल्या दिव्याचा पिवळा डाग दिसायला लागला. तेव्हा आफ्रा थांबली. आम्हालाही थांबावं लागलं. ती बापाकडे वर बघत म्हणाली, "बाबा, मग मी उद्या नाही आले तर चालेल?"

तो माझ्याकडे बघायला लागला, लहानपणी काही फोडलं की बघायचा तसा.

"चालेल," मी म्हणाले. मला अजिबात खात्री नव्हती. मी त्याची बाही मुठीत आणखी घट्ट आवळली आणि दार येईपर्यंत सोडली नाही.